खडकातून आरपार जाणारा मेसेज : न्यूट्रिनोच्या मदतीने अंतराळात बोलता येईल का?

पृथ्वी आणि मंगळ यांच्या मध्ये सूर्य आला की नासा मंगळावरच्या रोव्हरना आज्ञा पाठवणं साधारण दोन आठवडे बंद ठेवते. सूर्याभोवतीच्या तापलेल्या, विद्युतभारित वायूमुळे रेडिओ संदेश बिघडतो आणि अर्धवट पोहोचलेली आज्ञा रोव्हरला महागात पडू शकते. सुमारे २६ महिन्यांनी ही वेळ पुन्हा येते. चंद्राच्या मागच्या बाजूची अडचण तर कायमचीच आहे. तिथून पृथ्वी कधी दिसतच नाही, त्यामुळे थेट रेडिओ संपर्क शक्य नाही.

मग सूर्य, चंद्र, पृथ्वी या सगळ्यांतून आरपार जाईल असा संदेशच पाठवला तर? इथे न्यूट्रिनोचं नाव पुढे येतं.

न्यूट्रिनो म्हणजे अणूपेक्षाही कितीतरी लहान कण. त्याला विद्युतभार नाही, वस्तुमान जवळपास नाहीच. सूर्यातून निघालेले सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला तुमच्या नखाएवढ्या जागेतून जातात. रात्रीसुद्धा, कारण तेव्हा ते अख्खी पृथ्वी पार करून खालून येतात!

हे कण लांबचा पल्ला गाठतात याचा पुरावा निसर्गानेच दिला आहे. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याच्या स्फोटातून आलेले न्यूट्रिनो जपान, अमेरिका आणि सोव्हिएत रशियातल्या उपकरणांनी टिपले. स्फोटाचा प्रकाश त्यानंतर काही तासांनी दिसला. पण टिपलेले कण किती? जगभरात मिळून जेमतेम दोन डझन. घोडं नेमकं इथेच अडतं. जो कण कशालाच अडत नाही, तो आपल्या उपकरणालाही अडत नाही.

एका शब्दासाठी १७० टनांचं यंत्र

हा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांनी न्यूट्रिनोच्या झोतातून एक शब्द पाठवला. शब्द होता 'न्यूट्रिनो', अर्थात इंग्रजीत. झोत आला तर १, नाही आला तर ०, इतकी साधी सांकेतिक भाषा. संदेश सुमारे १ किलोमीटर गेला आणि त्यातले २४० मीटर तर खडकच होता. पलीकडे १७० टनांचा डिटेक्टर होता. तरीही एका झोतामागे त्याला सरासरी एक न्यूट्रिनोसुद्धा सापडत नव्हता, म्हणून तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवावा लागला.

वेग होता सेकंदाला ०.१ बिट, म्हणजे एका बिटला दहा सेकंद. या वेगाने फॅमिली ग्रुपवर नुसतं 'शुभ सकाळ' टाकायचं म्हटलं तरी अर्धा तास लागेल. फुलांचा फोटो तर विसराच.

तुलनेसाठी, डिसेंबर २०२३ मध्ये नासाच्या सायकी यानाने सुमारे ३.१ कोटी किलोमीटरवरून लेसरने टेटर्स नावाच्या मांजराचा व्हिडिओ पाठवला. वेग होता सेकंदाला २६७ मेगाबिट. त्या लेसरने एका सेकंदात पाठवलेली माहिती फर्मिलॅबच्या वेगाने पाठवायला ८० वर्षांहून जास्त काळ लागेल.

प्रकाशापेक्षा वेगवान?

नाही. २०११ मध्ये युरोपातल्या 'ऑपेरा' प्रयोगात न्यूट्रिनोने प्रकाशालाही मागे टाकल्याचं वाटलं आणि जगभर खळबळ उडाली. नंतर फायबर केबलच्या सैल जोडणीने घड्याळाचा घोळ केल्याचं निघालं. त्यामुळे मंगळाशी बोलताना आज एका बाजूने अंतरानुसार ३ ते २२ मिनिटं लागतात, ती न्यूट्रिनोनेही कमी होणार नाहीत. अशा पोस्ट पुन्हा फिरताना दिसल्या तर लक्षात असू द्या.

खरी अडचण आकाराची

फर्मिलॅबमध्ये झोत तयार करायला तीन किलोमीटरहून जास्त घेराचं त्वरणयंत्र लागलं. ते यानात बसवणं अशक्य. बरं, पृथ्वीवरून पाठवायचं ठरवलं तर अवजड डिटेक्टर मंगळावर न्यावा लागेल. शिवाय वैश्विक किरणांच्या माऱ्यात न्यूट्रिनोची चाहूल हरवू नये म्हणून असे डिटेक्टर बहुधा जमिनीखाली खोल ठेवतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही १९६५ मध्ये जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो टिपले, ते कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून जास्त खोल जाऊन. भर म्हणजे झोत अंतरागणिक पसरत जातो, त्यामुळे लांबच्या डिटेक्टरच्या वाट्याला आणखी कमी कण येतात.

त्यामानाने उपग्रह स्वस्त आणि सोपा. चंद्राच्या मागच्या बाजूला 'चांग-ई ४' यान उतरवण्याआधी चीनने २०१८ मध्ये एक रिले उपग्रह पाठवला होता. मार्च २०२४ मध्ये त्याच कामासाठी दुसरा गेला.