किसास
इस्लामी दंडविधीतील ‘प्राणाबद्दल प्राण’ या शिक्षेची संज्ञा. मनुष्यवध हा येथे मुख्यतः मृताच्या वारसांविरुद्धचा अपराध मानला जातो. हनफी विधिज्ञांच्या मते त्याचे प्रमुख भेद तीन : अमद (हेतुपुरस्सर), शिब्ह-अमद (हेतुसदृश) व खता (प्रमादजन्य). हेतू दिसत नसल्याने इमाम अबू हनीफा यांनी तो वापरलेल्या शस्त्रावरून ठरविला. पहिल्या प्रकारात वारसांना किसास मागता येतो, क्षमा करता येते किंवा तडजोडीने धन स्वीकारता येते. इतर दोहोंत ‘दिया’ म्हणजे रक्तमूल्य देय असते. त्याचे परंपरागत प्रमाण शंभर उंट असे आहे. या क्षमाधिकाराने सूडाची परंपरा खंडित होई. मात्र धनिक अपराध्यास सुटकेची वाटही मिळे. त्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीने १७९० मध्ये बंगालमध्ये शस्त्राऐवजी हेतू हा निकष ठरवून वारसांची शिक्षामाफीची सत्ता काढून घेतली.

मराठवाड्यातील परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाची दंडसंहिता स्वतंत्र असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानची १८६० ची भारतीय दंडसंहिता तेथे १९५१ मध्ये लागू झाली. तिच्यानुसार खून हा राज्याविरुद्धचा अपराध ठरतो व वारसांच्या क्षमेने खटला संपुष्टात येत नाही. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही हेच तत्त्व कायम आहे.