राज्य अपील न्यायालये (अमेरिका) : कार्यपद्धती व न्यायनिर्णययोग्यता

अमेरिकेत राज्यागणिक अपिलाचे नियम बदलतात, नावेही फसवतात. न्यूयॉर्कमध्ये ‘सुप्रीम कोर्ट’ हे मुळात खटले चालवणारे न्यायालय, तर सर्वोच्च न्यायालय ‘कोर्ट ऑफ अपील्स’.

पहिला अडथळा मुदतीचा. न्यूयॉर्कमध्ये निकालाची प्रत व नोंदीची सूचना रीतसर बजावल्यापासून ३० दिवसांत अपिलाची नोटीस द्यावी लागते. कॅलिफोर्नियात सर्वसाधारणपणे निकालनोंदीची सूचना मिळाल्यापासून ६० दिवस, सूचनाच न मिळाल्यास नोंदीपासून १८० दिवस. भारतात १९६३ च्या मुदत कायद्याचे कलम ५ विलंबमाफीची वाट ठेवते. अमेरिकेत ती बहुधा बंदच. खालच्या न्यायालयात हरकत नोंदवली नसेल, तर तो मुद्दाही सहसा अपिलात उचलता येत नाही. कितीएक चांगली प्रकरणे इथेच बुडतात.

वाद निर्णययोग्य आहे का, हा प्रश्न अधिक रंजक. फेडरल न्यायालये सल्लावजा मत देत नाहीत. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेने मात्र राज्यपाल व विधिमंडळाला न्यायाधीशांचे मत मागण्याची मुभा दिली. वाद दाखल करण्याच्या हक्काबाबतच्या फेडरल मर्यादा राज्य न्यायालयांना बांधत नाहीत, हे फेडरल सर्वोच्च न्यायालयाने ‘असार्को विरुद्ध कॅडिश’ (१९८९) मध्ये स्पष्ट केले.

अपील चालू असतानाच वाद संपला तर? ‘हर्स्ट विरुद्ध क्लाइन’ (१९८०) हे वृत्तपत्राला सुनावणीतून वगळल्याचे प्रकरण. पुन्हा उद्‌भवणारा, निर्णयाच्या तावडीतून निसटणारा, महत्त्वाचा व नवा प्रश्न असेल, तरच अपवाद करता येतो, असे न्यूयॉर्कच्या न्यायालयाने म्हटले आणि हा प्रश्न नवा नसल्याने वृत्तपत्राला अपवाद नाकारला.