मानवत हत्याकांड : १० बळी, १८ आरोपी, तरी ‘हे कुणी करवलं?’ याचं उत्तर कोर्टात का मिळालं नाही?

बीडच्या माजलगाव तालुक्यातून गोदावरी ओलांडली की पाथरी लागतं आणि पाथरीच्या पुढे मानवत. परभणी जिल्ह्यातल्या या छोट्या गावाचं नाव १९७०च्या दशकात एका भयंकर कारणासाठी महाराष्ट्रभर गेलं. २०२४ मध्ये या प्रकरणावर वेब सिरीज आली आणि सोशल मीडियावर ‘मानवतचा खरा खुनी’ अशा पोस्टी पुन्हा फिरू लागल्या. पण कोर्टाच्या कागदावर ही गोष्ट तितकी सरळ नाही.

नेमकं काय घडलं होतं?

वर्ष होतं १९७२, मराठवाड्यातल्या मोठ्या दुष्काळाचं. १४ नोव्हेंबर १९७२ रोजी मानवतमध्ये एका लहान मुलीचा खून झाला. त्यानंतर गावात एकामागून एक खून होत गेले. शेवटची घटना ४ जानेवारी १९७४ची. त्या दिवशी एक महिला आणि तिच्या दोन मुली मारल्या गेल्या. त्यातली एक तर अगदी तान्ही होती.

जेमतेम १४ महिन्यांत १० जीव गेले होते. पाच लहान मुली, एक तान्हं बाळ आणि चार महिला. स्थानिक तपासाला यश येईना, तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना पाठवण्यात आलं. १९६८च्या रामन राघव प्रकरणामुळे त्यांचं नाव आधीच गाजलेलं होतं. पुढे त्यांनी ‘फूटप्रिंट्स ऑन द सँड ऑफ क्राइम’ या इंग्रजी पुस्तकात या तपासाबद्दल लिहिलं. वेब सिरीजचा आधार हेच पुस्तक आहे.

सरकारी पक्षाचं म्हणणं काय होतं?

गावातला एक वजनदार माणूस आणि त्याच्यासोबत राहणारी स्त्री यांनी हे खून करवले, असा आरोप होता. वाड्यातल्या पिंपळाखाली गुप्तधन आहे, ते मिळवायचं आणि त्या स्त्रीला मूल व्हायचं तर मुंजाला बळी द्यावे लागतील, या समजुतीतून कट रचला गेला, असं पोलिसांनी मांडलं.

एकूण १८ जणांवर खटला उभा राहिला. त्यातले दोघे माफीचे साक्षीदार झाले. म्हणजे गुन्ह्यात आपणही सामील होतो असं कबूल करून, माफीच्या बदल्यात त्यांनी बाकीच्यांविरुद्ध साक्ष दिली.

मग खटला कुठे अडला?

अंधारात, गुपचूप शिजलेल्या कटाला बाहेरचा साक्षीदार नसतो. त्यामुळे ‘करवलं कुणी’ हे सांगणारे बहुतेक त्यातलेच लोक होते. पण स्वतःची मान सोडवण्यासाठी असा माणूस दुसऱ्याचं नाव घेऊ शकतो. म्हणून त्याच्या शब्दाला प्रत्येक आरोपीच्या बाबतीत वेगळा, स्वतंत्र दुजोरा मिळाला पाहिजे, असं न्यायालयं मानत आली आहेत. ‘खून झाला’ एवढ्याचा दुजोरा पुरत नाही, ‘या माणसाचा त्यात हात होता’ याचाही लागतो.

परभणीच्या सत्र न्यायालयातून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७७चा निकाल न्या. यशवंत चंद्रचूड यांनी लिहिला. कबुलीजबाब नोंदवताना दंडाधिकाऱ्यांनी पुरेशी खबरदारी घेतली का, हे त्यात तपासलं गेलं. पोलिसांनी तपासाच्या भरात बळाचा वापर करू नये, असंही न्यायालयाने सुनावलं.

काही आरोपींचा दोष शेवटपर्यंत कायम राहिला. मात्र ज्या दोघांना सूत्रधार म्हणून उभं केलं होतं, ते शेवटी पुराव्याअभावी सुटले. थोडक्यात, काही हात सापडले, पण त्या हातांमागचं डोकं कायद्याच्या नजरेत कधीच सिद्ध झालं नाही.

आज कायदा काय सांगतो?

तेव्हा नरबळीसाठी वेगळा कायदा नव्हता, खटला खुनाच्याच कलमांखाली चालला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यामुळे गुप्तधनासाठी अमानुष कृत्य करणं किंवा त्यासाठी कुणाला भरीस पाडणं हाच आता गुन्हा आहे. खून होईपर्यंत थांबावं लागत नाही.

दुसरा बदल साक्षीचा. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम १३३नुसार साथीदाराच्या दुजोरा नसलेल्या साक्षीवर झालेली शिक्षाही बेकायदा ठरत नसे. न्यायालयांनी मात्र सावधगिरी म्हणून दुजोरा मागण्याची पद्धत पाळली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये दुजोऱ्याची गोष्ट थेट शब्दांत आली आहे.

पोस्ट शेअर करण्याआधी

कोर्टाने सोडलेल्या माणसाला नाव घेऊन ‘खुनी’ म्हणणं बदनामीच्या खटल्यापर्यंत जाऊ शकतं. तो माणूस हयात नसला, तरी त्याच्या कुटुंबाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिलेला मजकूर कायद्याच्या कक्षेत येतो.

मानवतच्या त्या दहा जणींच्या घरच्यांना ‘कुणी मारलं’ याचं थोडंफार उत्तर मिळालं. ‘कुणी मारायला लावलं’ हा प्रश्न मात्र १९७७च्या निकालानंतरही उघडाच राहिला.