नाण्याआधीची मूस

इस्लामपुरात जुना डाग मोडायला नेला, की सराफ आधी कसोटीचा काळा दगड काढतो. त्यावर सोन्याची रेघ ओढायची, तेजाबाचा थेंब सोडायचा आणि रेघ किती टिकते ते पाहायचं. कस कळल्याशिवाय भावाचं बोलणं निघत नाही. सोन्याच्या नाण्याचा जन्म याच प्रश्नापाशी झाला. त्याच्या कुळकथेत राजापेक्षा सोनं गाळणाऱ्याचा मान मोठा आहे, असं मला मनापासून वाटतं.

आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिमेला लिडिया नावाचं राज्य होतं, राजधानी सार्डिस. तिथल्या पॅक्टोलस नदीच्या वाळूत सोनं सापडे, पण चांदी मिसळलेलं. इ.स.पू. सातव्या शतकातली लिडियाची पहिली नाणी अशा मिश्रणाचीच. वर सिंहाच्या मुखाचा छाप, वजन नेमकं. पण आत सोनं किती आणि चांदी किती, हे घेणाऱ्याला कसं कळावं? छापावर भरवसा ठेवायचा, एवढंच त्याच्या हाती.

ही गाठ सुटली राजा क्रीससच्या काळात, सुमारे इ.स.पू. 561 ते 546 दरम्यान. समोरासमोर सिंह आणि बैल असलेली शुद्ध सोन्याची नाणी वेगळी, चांदीची वेगळी. नाव राजाचं झालं. काम कोणाचं, ते 1960 च्या दशकात सार्डिसच्या उत्खननात दिसलं. तिथे भट्ट्या, मातीची भांडी आणि सोन्याच्या पत्र्याचे बारीक तुकडे निघाले. पातळ पत्रा मिठाच्या थरांत घालून भांडं बंद करायचं आणि सोनं वितळणार नाही इतक्याच आचेवर बराच काळ तापवायचं. मिठाच्या वाफा चांदी ओढून घेतात, सोनं मागे राहतं.

आपल्याकडे सातवाहनांनी शिसं, तांबं, चांदीची नाणी पाडली; सोन्याची नाहीत. दक्षिणेत रोमन सोन्याची नाणी मात्र व्यापारातून आली. पुढे व्हेनिसचं 1284 पासून पाडलेलं, साधारण साडेतीन ग्रॅमचं नाणं आलं. त्यावरच्या आकृत्यांमुळे ते आपल्या बायकांच्या गळ्यात पुतळी होऊन बसलं. शतकानुशतकं त्याचा कस जवळजवळ ढळला नाही, म्हणून परक्या देशाचं नाणं असूनही ते विश्वासाचं ठरलं. नंतर इथल्या सोनारांनी आपल्या पुतळ्या घडवल्या.

सार्डिसचं काम आज कोणाच्या हातात आहे, हे सांगायला आपल्याला लांब जावं लागत नाही. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागातले, विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाई बांधव देशभरच्या सराफ बाजारांत सोनं गाळतात. कोरडवाहू शेतीवर भागेना, म्हणून गाव सोडलेली ही माणसं. त्यांच्या कसबाचा इतिहास कोणीतरी नीट लिहायला हवा.

जुन्या डागाच्या सोन्यात ते आधी आणखी चांदी किंवा तांबं मिसळतात. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण सोन्याचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्शावर आणलं नाही, तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. मग तेजाब बाकीचे धातू विरघळवतं आणि तळाशी तपकिरी चुरा उरतो. तो धुऊन मुशीत वितळवला, की सोन्याचा रंग परत येतो. उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी टाकली, की चांदीही खाली बसते. सार्डिसचे कारागीरही मिठात गेलेली चांदी शिशाच्या मदतीने परत काढत असत.