सांध्यांवर उभा इतिहास

दप्तरखान्यात बसणाऱ्या माणसाला एक सवय जडते. मजकुराआधी तो अक्षर पाहतो. कारकून बदलला की वळण बदलते, कधी मोजमापाची रीतही बदलते. मग आधीच्या सालाचा आकडा पुढच्या सालाला तसाच जोडावा का, हा प्रश्न उभा राहतो. ध्रुवीय समुद्रांवरील बर्फाच्या नोंदी अभ्यासताना मला हीच सवय कामी आली. या नोंदी उपग्रहांनी केल्या आहेत. पण कारकून तिथेही बदलले आहेत.

आरंभ होतो तो ११ डिसेंबर १९७२ रोजी अमेरिकेने सोडलेल्या ‘निम्बस-५’पासून. त्यावरील मायक्रोवेव्ह रेडिओमीटर छायाचित्रे काढत नसे. पृथ्वीवरून आपसूक बाहेर पडणारे, सुमारे दीड सेंटिमीटर तरंगलांबीचे क्षीण प्रारण तो मोजत असे. या तरंगलांबीवर समुद्राचे पाणी आपल्या तापमानाच्या मानाने जेमतेम निम्मे प्रारण सोडते; नव्या बर्फाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. म्हणून पाण्याहून थंड असूनही बर्फ या यंत्राला उजळ दिसतो. महिनोन्‌महिन्यांची रात्र असो की ढगांचे छत, मोजणी सहसा अडत नाही.

तिचे मोल लवकरच कळले. १९७४ ते १९७६ या सलग तीन हिवाळ्यांत अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात, चहूबाजूंनी बर्फ असताना, मधोमध सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर उघडे पाणी दिसले. एवढे मोठे विवर तिथे पुन्हा उघडलेले नाही. २०१७ साली दिसले ते बरेच लहान होते. नोंद नसती, तर असे काही घडलेच नाही, असे आपण आज मानले असते.

सलग नोंद मात्र ऑक्टोबर १९७८ मध्ये सोडलेल्या ‘निम्बस-७’पासून धरतात. त्यावरचे यंत्र विजेच्या मर्यादेमुळे एक दिवसाआड चाले. ऑगस्ट १९८७ मध्ये त्याच्या नोंदी संपतात. अमेरिकी लष्कराच्या हवामान उपग्रहावरचे नवे यंत्र जुलैत सुरू झाले होते. म्हणजे दोन्ही कारकून एकाच वेळी कामावर होते ते जेमतेम सहा आठवडे. तेवढ्या तुलनेवर पुढच्या-मागच्या आकड्यांचा मेळ घालावा लागला. त्यातच डिसेंबर १९८७ ते जानेवारी १९८८ या काळात सुमारे सहा आठवडे वही कोरीच आहे.

सांधा किती महागात पडू शकतो, हे २०१४ मध्ये दिसले. अंटार्क्टिकाचा बर्फ वाढतो आहे, अशी तेव्हा चर्चा होती. इयन आयझेनमन, वॉल्टर मायर आणि जोएल नॉरिस यांनी एकाच नोंदमालेच्या जुन्या व नव्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या. २००७ मध्ये फेरमांडणी झाल्यावर वाढीचा वेग बदललेला आढळला. फरकाचे मूळ निघाले डिसेंबर १९९१ मधल्या यंत्रबदलाच्या सांध्यात! चूक जुन्या आवृत्तीत की नव्या, हाच वादाचा मुद्दा झाला.

मग सगळीच वही संशयास्पद मानायची का? नाही. आर्क्टिकमध्ये सप्टेंबरमधला किमान विस्तार १९७९ साली सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर होता. २०१२ साली तो सुमारे ३४ लाखांवर आला. एवढी घट सांध्यांच्या चुकांतून निर्माण होत नाही. दक्षिणेकडचा कल मात्र बारीक होता. तिथे सांध्याचा दोषही निकाल फिरवू शकत होता. साधनाची मर्यादा कुठे आड येते आणि कुठे येत नाही, हे ठरवणे हेच तर इतिहासकाराचे काम.

भारतानेही या विद्येत लवकर पाऊल टाकले. १९७९ च्या ‘भास्कर-१’वर मायक्रोवेव्ह रेडिओमीटर होता, १९९९ च्या ‘ओशनसॅट-१’वरील अशाच यंत्राच्या नोंदींतून आपल्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्रबर्फ अभ्यासला.

अमेरिकी लष्कराच्या त्या मालिकेतला शेवटचा उपग्रह बांधून तयार होता, पण अवकाशात गेलाच नाही. जपानच्या २०१२ मधल्या उपग्रहासारखे नवे कारकून आहेत. मात्र जुना उठण्याआधी नवा शेजारी बसला पाहिजे. तो उशिरा आला, तर निसटलेला हिवाळा पुन्हा मोजता येत नाही.