पंधराव्या वर्षीचे पदक

बिशानचा स्पोर्ट्स हॉल आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा आहे. मुलांना क्लासला सोडताना, जंक्शन एटमध्ये खरेदीला जाताना तुम्ही त्याच्यावरून कितीतरी वेळा गेला असाल. ऑगस्ट २०१० मध्ये या इमारतीत जगभरातल्या पंधरा वर्षांच्या मुली एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या होत्या. पहिल्या युवा ऑलिंपिकमधील जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धा इथे झाल्या. आपल्या पुढच्या पिढीतल्या अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. म्हणून त्या स्पर्धेची आणि तिच्यात रौप्यपदक मिळवणाऱ्या एका चिनी मुलीची हकीकत इथे सांगतो.

युवा ऑलिंपिकची कल्पना आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष झाक रोख यांची. फेब्रुवारी २००८ मध्ये मतदान झाले आणि ५३ विरुद्ध ४४ मतांनी सिंगापूरने मॉस्कोला मागे टाकले. १४ ऑगस्ट २०१० रोजी मरिना बेच्या तरंगत्या मंचावर उद्घाटन झाले. खेळाडूंची राहण्याची सोय एनटीयूच्या आवारात होती.

मुलींच्या सर्वंकष स्पर्धेत, म्हणजे व्हॉल्ट, असमांतर बार, बॅलन्स बीम आणि फ्लोअर या चारही प्रकारांच्या एकत्रित गुणांवर, रशियाची विक्टोरिया कोमोवा पहिली आली. दुसरी आली चीनची तान सिशिन. यात तान हे आडनाव. चिनी रिवाजाप्रमाणे ते आधी येते. इटलीची कार्लोटा फेर्लितो तिसरी. तिघींचाही जन्म १९९५ चा.

यांतला बॅलन्स बीम ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांनी मल्लखांब डोळ्यांसमोर आणावा. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवे जीवन दिले, तो आपला खांब उभा. बीम आडवा: पाच मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि रुंदीला फक्त दहा सेंटिमीटर. माणसाचे पाऊल आडवे ठेवले तर दोन्ही बाजूंनी बाहेर येईल, एवढ्या पट्टीवर या मुली कोलांट्या घेतात.

पण वाचकहो, माझ्या मते या स्पर्धेचे महत्त्व कसरतींपेक्षा वयात आहे. हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९७६ साली माँट्रियलमध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेचीने पूर्ण दहा गुण मिळवले, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. गुणफलकाला दहाचा आकडा दाखवता येत नव्हता, म्हणून त्यावर १.०० उमटले, ही गोष्ट तुमच्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. जगभरच्या प्रशिक्षकांनी त्यातून सोयीचा धडा घेतला: शरीर जितके लहान आणि हलके, तितके ते हवेत सहज फिरते. मग मुली आणखी लहान वयात तयार होऊ लागल्या. वाढीच्या वयात मनगटांवर आणि पाठीच्या कण्यावर पडणारा भार पुढे आयुष्यभर त्रास देऊ शकतो, हे वैद्यक सांगत होते. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने किमान वय १९८१ मध्ये पंधरा आणि १९९७ मध्ये सोळा केले. ज्या वर्षी सोळा पूर्ण होतील, त्या वर्षापासून मोठ्या गटात प्रवेश.

नियम आला की पळवाटही येते. २००० साली सिडनीत चीनच्या महिला संघाला कांस्यपदक मिळाले. त्या संघातल्या दोंग फांगशियाओ हिची जन्मतारीख जानेवारी १९८३ अशी नोंदवलेली होती. आठ वर्षांनी बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती तांत्रिक कामासाठी आली, तेव्हा तिच्या कागदांवर जानेवारी १९८६ असे वर्ष निघाले. म्हणजे सिडनीत ती चौदाची होती. चौकशी झाली आणि २८ एप्रिल २०१० रोजी ऑलिंपिक समितीने ते कांस्यपदक काढून अमेरिकेला दिले.

तारखा पाहा. एप्रिलमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलीने दहा वर्षांपूर्वी मिळवलेले पदक परत घेतले गेले आणि ऑगस्टमध्ये सिंगापूरने पंधरा वर्षांच्या मुलींसाठी हक्काचे व्यासपीठ उभे केले. इथे कुणालाच वय लपवावे लागत नव्हते. सिडनीत कागद कुणी बदलले असतील, याचा विचार केला तर मन खिन्न होते. चौदा वर्षांची मुलगी स्वतःची जन्मतारीख स्वतः ठरवत नाही. ती मोठ्यांनी ठरवली, पदक मात्र तिच्या नावावरून पुसले गेले.

सिंगापूरमध्ये रौप्यपदक घेतलेल्या तान सिशिनचे पुढे काय झाले? २०११ मध्ये वयाची अट पूर्ण होताच ती टोकियोच्या जागतिक स्पर्धेत चीनच्या संघात आली आणि त्या संघाने कांस्यपदक जिंकले. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकसाठी चीनने पाच मुली निवडल्या. त्यांत तान नव्हती. कोमोवा लंडनला गेली, सर्वंकष स्पर्धेत रौप्यपदकापर्यंत पोहोचली. बिशानच्या सभागृहात पहिल्या-दुसऱ्या आलेल्या दोघींच्या वाटा दोन वर्षांत अशा वेगळ्या झाल्या.

चीनची पद्धत लक्षात घेतली की या निवडीचा अर्थ कळतो. तिथे साधारण पाच-सहाव्या वर्षी मुले क्रीडाशाळेत जातात, तिथून प्रांताच्या संघात आणि फार थोडी राष्ट्रीय संघात. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला असमांतर बारवर सुवर्ण मिळवणारी मा यानहोंग आणि तीन सुवर्णांसह सहा पदके नेणारा ली निंग हे या व्यवस्थेचे यश. पण तिचा दुसरा चेहराही आहे. २००१ च्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत सुवर्ण जिंकलेला झांग शांगवू दुखापतीनंतर खेळातून बाहेर पडला. २०११ मध्ये तो बीजिंगमध्ये कसरती करून लोकांकडे पैसे मागताना आढळला. पोटासाठी त्याने पदकेही विकली होती. हातात दुसरी विद्या नव्हती.

आता आपल्या सिंगापूरचे उदाहरण घ्या. त्याच २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लिम हीम वेई हिने बॅलन्स बीमवर रौप्यपदक मिळवले. ती तेव्हा एकवीस वर्षांची होती. (भारताला जिम्नॅस्टिक्समधली पहिली राष्ट्रकुल पदके आशिष कुमारने याच स्पर्धेत मिळवून दिली.) दोन वर्षांनी लिम लंडनला गेली आणि ऑलिंपिकमध्ये उतरणारी सिंगापूरची पहिली जिम्नॅस्ट ठरली. तान सिशिनला सतराव्या वर्षी जे दार बंद झाले, ते हिच्यासाठी तेविसाव्या वर्षी उघडले. २०१६ मध्ये रिओत आगरतळ्याची दीपा कर्माकर तेवीस वर्षांची असताना व्हॉल्टमध्ये चौथी आली, कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकले. त्याच अंतिम फेरीत उझबेकिस्तानची ओक्साना चुसोविटिना होती, वय एक्केचाळीस.

हे सारे दिवाळी अंकात कशासाठी, असे तुम्ही विचाराल. आपल्या घरांतही वयाचे गणित चालते. डीएसएसाठी प्रायमरी सिक्सच्या मुलाची पदके आणि प्रमाणपत्रे फाइलीत लावताना बारा वर्षांच्या मुलाचे भवितव्य ठरते आहे, असे आईबाबांना वाटते. मुलांनाही तसेच वाटू लागते. जिम्नॅस्टिक्सचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास वेगळे सांगतो. पंधराव्या वर्षीचे पदक खरे असते, पण पुढच्या पदकाची हमी ते देत नाही. आणि पंधराव्या वर्षी ते मिळाले नाही, तरी वेळ गेलेली नसते.

तेव्हा मुलांना जरूर खेळू द्या, घाम गाळू द्या. फक्त उद्या खेळ थांबलाच, तर त्याच्या हाती आणखी काय असेल, हे एकदा शांतपणे त्याच्याशीच बोलून पाहा. तान सिशिनसाठी हा विचार प्रांताने आणि राष्ट्राने केला. आपल्या मुलांसाठी तो आपल्यालाच करायचा आहे.