दयेची खडी फौज
२४ जून १८५९ रोजीं उत्तर इटलींत सोल्फेरिनोची लढाई झाली आणि हजारों जखमी शिपाई जवळच्या कास्तिल्योने गांवीं येऊन पडले. तेथील स्त्रिया शत्रुमित्र न पाहतां त्यांच्या शुश्रूषेस लागल्या. जिनीव्हाचा हेन्री ड्यूनां हाहि त्यांत राबला. दया उदंड होती. वाण होती ती पट्ट्यांची, औषधांची व शिकलेल्या हातांची. यास्तव १८६२ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें सुचविलें कीं, शुश्रूषेच्या मंडळ्या शांततेच्या काळींच उभारून ठेवाव्या. १८६३ सालीं रेडक्रॉसचा पाया घातला गेला तो याच विचारावर.

राजे खडी फौज शांततेंतहि पोसतात. दयेच्या फौजेनें मात्र तोफ ऐकूं आल्यावर वर्गणी मागत फिरावें काय? लढाई संपली तरी तुटलेला पाय परत येत नाहीं. म्हणून प्रसंगींच्या मोठ्या देणगीहून सालोसाल येणारी लहान वर्गणीच अशा संस्थांस तारते.